नव्वद आणि दोनशे सत्तर

३ जानेवारी, शुक्रवार

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, न्यूक्लिअर लॅबचं अपलेखन होणार. इथल्या, बुऱ्हाणपुरातल्या कचेरीच्या हिंदीत अपलेखन म्हणजे वस्तू निकामी ठरवून भंगारात काढणे. गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला होता की आमचं यंत्र चुकीची रीडिंग देतं. तो शेरा धरून संस्थेने लॅब मोकळी करायचं ठरवलंय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विद्यापीठाची समिती येईल, सही करील, संपलं.

"यंत्र चांगलं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, लिखित में है कि ख़राब है."

"मग मीही लिखित में देते की चांगलं आहे."

प्राचार्य हसले. "सिद्ध कर दीजिए, समिति के सामने. मुझे क्या आपत्ति है."

विभागप्रमुख प्रशांत शेजारीच बसला होता. माझाच विद्यार्थी. फाइलीच्या दोरीशी त्याचा चाळा चाललेला. पोरगा हुशार होता; कणा मात्र कुणी बसवलाच नाही.

लॅब मोकळी करून तिथे काय करणार, असं विचारलं. "संस्था देखेगी," म्हणाले. संस्था म्हणजे अध्यक्ष शालिग्रामभाऊ. केळीचा आणि खताचा व्यापारी माणूस, त्यांना लॅब कशाला हवी?

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. तरी शिकवते, 'अतिथी विद्वान' म्हणून, दर मार्चला नवा अर्ज देऊन. यातल्या अतिथीला केव्हाही निघा म्हणता येतं. म्हणू देत तर खरं.

६ जानेवारी, सोमवार

प्रोजेक्टला एकच मुलगी तयार झाली. रश्मी, निंबोल्याची. वडिलांची केळी आणि थोडा कापूस. रोज बसने येते. बाकीच्या सगळ्यांनी कॉम्प्युटरवरचे विषय घेतले, कारण त्यात हात काळे होत नाहीत.

"तूच का तयार झालीस?" मी विचारलं.

"तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मॅडम."

हे काही कारण नव्हे. पण चालेल.

८ जानेवारी, बुधवार

रात्री जेवताना मधुकरांना प्रयोग समजावून सांगितला. (चारचौघांत 'हे' म्हणते, डायरीत नाव लिहायला हरकत नाही.) ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना ऐकायला वेळ असतो.

कोबाल्टच्या केंद्रकाचा बीटा क्षय होतो. एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि मागे निकेल उरतं, पण अस्वस्थ. ते लागोपाठ दोन गॅमा किरण फेकून शांत होतं. प्रश्न असा की दुसरा किरण कुठे जातो? कुठेही जाईल, असं वाटतं. तसं होत नाही. पहिला जिकडे गेला त्याची छाप दुसऱ्यावर राहते. दोघे काटकोनात जाण्यापेक्षा समोरासमोर उलट दिशांना जास्त वेळा जातात, साधारण एक-षष्ठांशाने जास्त. आमच्या यंत्रात मधोमध कोबाल्टचा सोर्स, एक डिटेक्टर जागेवर पक्का, दुसरा त्याच्याभोवती गोल फिरणारा. दोघांत एकाच क्षणी ठोका पडला तर तो मोजायचा. नव्वद अंशांवर किती आणि एकशेऐंशीवर किती, एवढंच.

"म्हणजे वाटणी झाल्यावर दोन भाऊ," मधुकर म्हणाले, "एक पूर्वेला गेला की दुसरा पश्चिमेला."

"दर वेळी नाही. थोडं जास्त वेळा."

"मग आमच्या घराण्यापेक्षा तुझं कोबाल्ट बरं."

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत आटोपली. रश्मीने रीडिंग आणून दाखवली. नव्वदपासून एकशेऐंशीपर्यंत आकडे एकेक पायरी चढत गेलेले आणि शेवटी गुणोत्तर पुस्तकातलंच, एक पूर्णांक एकशे सदुसष्ट. अक्षर सुंदर.

मी कागद फाडला.

"किरण असे रांगेत चालत नाहीत," मी म्हटलं. "खरे आकडे थरथरतात. एक वर, एक खाली. हे कुठून आणलंस?"

"सीनियरच्या फाइलीतून, मॅडम. सगळेच उतरवतात. सीनियरने त्याच्या सीनियरची उतरवली व्हती."

"आणि तुझी स्वतःची?"

"ते उलटे येऊन राह्यले. नव्वदलेच जास्त येतात. मले वाटलं मी चुकली, तुम्ही रागवाल."

"मी कधी रागावते?"

ती फरशीकडे बघत राहिली. आमचा लॅब अटेंडंट उखर्डू दारात उभा होता, तो एकदम बाहेर निघून गेला. मी विनाकारण कधीच रागावत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे.

आता कळलं काय झालं ते. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणी हा प्रयोग केलेलाच नाही. फाइलीतून फाइल चाललीय. गेल्या वर्षी परीक्षकाने पोराला आपल्यासमोर रीडिंग घ्यायला लावली आणि उत्तर उलटं आलं. यंत्र केव्हा बिघडलं, हे सांगायला एकही खरा आकडा मागे नाही.

१८ जानेवारी, शनिवार

स्वतः बसून तपासलं. उलटंच येतं. नव्वदवर जास्त, एकशेऐंशीवर कमी. डिटेक्टर अदलाबदल करून पाहिले, तारा बदलल्या, सोर्स नेमका मध्यावर आहे ना ते दोरा लावून बघितलं. सोर्स जुना झालाय, दर पाच वर्षांनी निम्मा होत होत आता अगदी क्षीण. चार-चार तास मोजावं तेव्हा कुठे भरवशाचा आकडा मिळतो. पण क्षीण सोर्सने उत्तर अंधूक यावं, उलटं का यावं?

प्रशांत डोकावला. "मॅडम, एक विचारू? समितीसमोर पुस्तकातला आकडा ठेवला तर? कोण चार तास बसणार आहे?"

"बाहेर जा," मी म्हटलं.

तो निघाला, मग दारातच थांबून म्हणाला, "ते टेबल दुसऱ्या बाजूलाही फिरतं ना, मॅडम? तिकडे कुणी लावतच नाही कधी." आणि गेला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मला एक कल्पना सुचली. डिटेक्टर नेहमी उजवीकडेच फिरवतात, नव्वदवर. डावीकडे दोनशे सत्तरवर नेला तरीही तो काटकोनच. निसर्गाला डावं-उजवं नाही, या प्रयोगात तरी नाही. दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा.

नव्वदवर रश्मी बसली, दोनशे सत्तरवर मी. संध्याकाळी आकडे शेजारी ठेवले. नव्वदचा दोनशे सत्तरच्या जवळजवळ दीडपट.

"मॅडम, म्हणजे यंत्र खराबच?"

"यंत्र खराब असतं तर दोन्हीकडे सारखंच खराब असतं. हा फरक खोलीचा आहे."

खूप दिवसांनी हातापायांत जोर आल्यासारखं वाटलं. बसस्टॅंडपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले आणि मावा जिलेबी घेऊन दिली. तिने अर्धी कागदात बांधून घेतली, धाकट्या भावासाठी. बस येईपर्यंत ती सारखी माझ्याकडे बघत होती, जणू मी आजारी आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

सोर्स शिशाच्या डबीत घालून तिसऱ्या खोलीत ठेवून आलो. आता टेबलावर काही नाही. डिटेक्टरला मागून आणि बाजूंनी शिसं आहे, तोंड तेवढं उघडं. नव्वदवर असला की त्याचं तोंड उत्तरेच्या भिंतीकडे असतं, दोनशे सत्तरवर खिडकीकडे. खिडकीकडे शांत. भिंतीकडे वळवला की काउंटर धो धो धावतो.

भिंतीतून काहीतरी येत होतं. ठोके इतके की दोन्ही डिटेक्टरांत योगायोगाने एकाच क्षणी पडणारे ठोकेही भरपूर, आणि आमचं जुनं युनिट त्यांनाच खऱ्या जोड्या समजत होतं. असे योगायोग वजा करायचा नॉब होता, तो केव्हाच तुटलाय.

मग ऊर्जेचा नॉब सावकाश फिरवत कुठल्या ऊर्जेचे किरण आहेत ते पाहिलं. कोबाल्टच्या दोन्ही रेषा नाहीत. त्यांच्या वर, चौदाशे साठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी, एकच ठळक उंचवटा.

"चौदाशे साठ, मॅडम!" रश्मी उडालीच. "पोटॅशियम-चाळीस! तुम्ही पाठ करून घेतलं व्हतं."

बरोबर आहे. त्याचाही क्षयच. बहुतेक वेळा बीटा टाकतं, दहातून एखाद्या वेळी दुसऱ्या वाटेने जाऊन हा गॅमा सोडतं. सगळीकडे थोडं थोडं असतं, माणसाच्या अंगातसुद्धा. पण भिंत फोडून येण्याइतकं?

"भिंतीच्या पल्याड काय आहे?" मी उखर्डूला विचारलं.

"पोरींची कॉमन रूम, मॅडम. मागच्या साली बंद केली. छत गळते म्हणे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आम्ही व्हरांड्यातून मागे गेलो. दाराला मोठं नवं कुलूप. खिडक्यांना आतून पुठ्ठे. उंबऱ्यापाशी लालसर खडे सांडलेले. रश्मीने एक उचलून बोटांत चुरला आणि हसायलाच लागली.

"पोटॅश आहे, मॅडम! आमच्या घरी केळीले हेच घालतात. दर साली ओसरीभर गोण्या राह्यतात."

म्हणजे अध्यक्षांचं गोदाम. मुली वर्षभर जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबे खातायत, आणि त्यांच्या खोलीत शालिग्रामभाऊंचं खत. आता लॅब कशाला हवी, तेही समजलं. गोदाम वाढवायचंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्राचार्यांकडे गेले. "कॉमन रूम रिकामी करा. तिथल्या खतामुळे रीडिंग चुकतात."

त्यांनी मानच वर केली नाही. "कौन-सा खाद, मॅडम? वहाँ तो छत टपकती है."

"तुमच्या गळक्या छतातून चौदाशे साठ येतंय."

"मैं कॉमर्स का आदमी हूँ, मॅडम."

प्रशांतही होता तिथे. म्हटलं, "विभागप्रमुख आहेस, बोल काहीतरी." तो म्हणाला, "मॅडम म्हणतात ते एकदा तपासून घ्यायला हरकत नाही, सर." हरकत नाही! ही काय बोलायची रीत झाली.

२७ जानेवारी, सोमवार

शालिग्रामभाऊ स्वतः लॅबमध्ये आले. पांढरे कपडे, पायात नवे बूट. खुर्ची न विचारता ओढून बसले.

"काय मॅडम, तुमच्या या डब्याले आमचं खत दिसते म्हणे?"

"दिसतं. मोजताही येतं."

"मंग एक काम करा ना. गोण्या किती ते मोजून द्या, आमच्या मुनीमले दर खेपेले कमी-जास्त भरतात." त्यांच्याबरोबरचे दोघे खो खो हसले. "हे पाहा, तुम्ही मोठ्या, शिकलेल्या. कशाले या वयात भिंतीशी भांडता? मार्चमधी तुमचा अर्ज येईन माझ्याचकडे. मी सही केली तं तुम्ही विद्वान, नाही केली तं घरी."

"भाऊ, मला घर आहे. बुधवारा मोहल्ल्यात, स्वतःचं. तुमच्या गोण्यांना नाही, म्हणून त्या इथे येऊन बसल्यात."

शालिग्रामभाऊ उठले. "समिती येऊ द्या. त्यांच्यासमोर चालवून दाखवा तुमचा डबा."

"दाखवणारच आहे."

ते गेल्यावर रश्मीने पाण्याचा ग्लास आणून दिला. अर्धं पाणी मी पदरावर सांडलं. रागाने, दुसरं काही नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मधुकर म्हणाले, "नोकरी गेली तर जाऊ दे. पण त्या मुलीचं बघ. तिची परीक्षा आहे. अध्यक्षाच्या डोळ्यावर ती नको यायला."

हे मला सुचायला हवं होतं. रश्मीला म्हटलं, समितीच्या दिवशी तू घरी थांब, मी एकटी दाखवीन.

"मी येईन, मॅडम."

"मी सांगतेय."

"ऐकलं मी. पन माझी रीडिंग आहे."

उर्मटपणा वाढलाय. पण रीडिंग तिची आहे, हे खरं.

५ फेब्रुवारी, बुधवार

समिती आली. तिघे जण. अध्यक्षस्थानी रसायनशास्त्राचे एक वयस्क प्राध्यापक, तोंडात लवंग. प्रशांत सकाळी त्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. गाडीतून उतरताना पाहिलं तर तो हातवारे करून त्यांना काहीतरी सांगतच होता. खुशामत करणं तेवढं बरोबर जमतं याला.

लॅबमध्ये सगळे आले. प्राचार्य, शालिग्रामभाऊ, त्यांचे दोघे, दारापाशी उखर्डू. मी सोर्स लावून दाखवायला लागले, एवढ्यात रसायनवाले म्हणाले, "पहले बिना सोर्स के काउंट दिखाइए. दोनों तरफ़ के."

मी चमकले. रसायनशास्त्राच्या माणसाला हे नेमकं कसं सुचलं? वाचन चांगलं असावं.

सोर्स बाहेर नेला. रश्मीने डिटेक्टर खिडकीकडे केला, काउंटर सावकाश टिकटिकला. भिंतीकडे केला आणि आकडे धावत सुटले. मग तिने चौदाशे साठचा उंचवटा दाखवला.

"ये क्या है, बेटी?"

"पोटॅशियम, सर. दीवार के पीछे पोटॅश की बोरियाँ हैं."

"झूठ है!" शालिग्रामभाऊ म्हणाले. "मशीन ख़राब है, ये तो लिखा हुआ है."

"फिर तो आसान है," रसायनवाले म्हणाले. "कमरा खोल दीजिए. बोरियाँ नहीं मिलीं तो मशीन ख़राब."

"चाबी नाही माझ्यापाशी," शालिग्रामभाऊ म्हणाले. "दुकानात राह्यली."

मला वाटलं, झालं, इथेच संपलं. तेवढ्यात उखर्डू पुढे आला आणि त्याने खिशातून किल्ली काढली. "दुसरी व्हती, मॅडम. सापडली."

"कुठे?" मी विचारलं.

उखर्डूने प्रशांतकडे बघितलं. प्रशांत फाइलीच्या दोरीशी चाळा करत होता. "ऑफिसातच," उखर्डू म्हणाला.

दार उघडलं. जमिनीपासून छतापर्यंत गोण्या, एकावर एक, भिंतीला लागून. मुलींचा आरसा गोण्यांमागे उभा होता, त्याची एक कड तेवढी दिसत होती. छत कोरडं ठणठणीत.

रसायनवाल्यांनी लवंग चावली. "अपलेखन के काग़ज़ लाइए." प्राचार्यांनी दिले. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली आणि खाली सही केली.

शालिग्रामभाऊ जाताना माझ्याजवळ थांबले. "मार्चमधी भेटू, मॅडम."

"अर्ज वेळेवर देईन," मी म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस ट्रॅक्टर ये-जा करत होते. आज मुलींनी खोली धुतली. त्यांना वाटलं मी बघत नाहीये, तेव्हा एकीने फडका डोक्याला गुंडाळून, चष्मा नाकावर ओढून माझी नक्कल केली: "यंत्र चांगलं आहे!" बाकीच्या हसून लोळल्या. आवाज मुळीच जमला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्वद आणि दोनशे सत्तर सारखे आले. अगदी तंतोतंत नव्हे, तसे कधीच येत नाहीत. पण जितकं थरथरायला हवं तितकेच थरथरले. एकशेऐंशीवर जास्त. गुणोत्तर एक पूर्णांक तेरा, शतांशात चार इकडे किंवा तिकडे.

मी आणि रश्मी त्या आकड्याकडे बघत बसलो. कोबाल्टचं एक केंद्रक बुऱ्हाणपुरात क्षय पावतं, त्याचे दोन किरण निघतात, आणि दुसऱ्याला पहिल्याची दिशा ठाऊक असते. हे कुणाच्या फाइलीतून उतरवलेलं नाही.

प्रशांत येऊन आकडा बघून गेला. बराच वेळ उभा होता. डोळे पुसत होता बहुतेक. लॅबमध्ये धूळ फार आहे.

१८ मार्च, मंगळवार

माझा अर्ज नामंजूर झाला. कारण लिहिलं नाही. प्रशांतने विभागातर्फे मला प्रयोगांसाठी 'मानद मार्गदर्शक' नेमायचा ठराव करून विद्यापीठाकडे परस्पर पाठवला आणि तो तिकडून मंजूर होऊनही आला. पगार नाही, पण लॅबची एक किल्ली माझ्याकडे राहील. कागद नीट न वाचता कुणीतरी सही केली असणार. ऑफिसच्या अशा गलथानपणाचा कधीकधी उपयोग होतो.

२२ एप्रिल, मंगळवार

रश्मीची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक गेल्या वर्षीचेच, शेरा मारणारे. मी मागे बसले होते. बोलायचा मला अधिकार नव्हता.

त्यांनी वही चाळली. "पुस्तक में १.१६७ है. आपका १.१३ क्यों?"

"सर, हमारे डिटेक्टर चौड़े हैं, पास में रखे हैं. एक कोण पर रखो तो आजू-बाजू के कोण भी देख लेते हैं, इसलिए थोड़ा कम आता है. और सोर्स पुराना है, इसलिए प्लस-मायनस इतना."

"हूँ. पर १.१६७ लिख देतीं तो पूरे नंबर मिलते."

मी पदर तोंडाशी धरला.

रश्मी उभीच होती. दोन्ही हात मागे, मान ताठ. म्हणाली, "तो काट लीजिए, सर. १.१६७ किताब का है. ये मेरा है."

उखर्डू दारातून पळाला.

परीक्षकांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ये आपकी छात्रा है?"

मी हो म्हटलं. पण असं बोलायला मी तिला कधीच शिकवलेलं नाही. कुठून शिकली, कोण जाणे.